लाईट आणि गॅसचं जाळं चालवतं कोण? बेळगाव सीमाभागातल्या वाचकांचे नेहमीचे प्रश्न

लाईट गेली की आपल्याकडे अजूनही 'केईबीला फोन लाव' असंच म्हणतात. त्या केईबीची, म्हणजे कर्नाटकच्या जुन्या वीज मंडळाची, वाटणी होऊन पाव शतक उलटलं. आज विजेचं एक काम एका दारी, दुसरं दुसऱ्या दारी. त्यात आपला भाग सीमेवरचा आणि बिल कानडीत. मग कोणतं दार ठोठवायचं हे कळत नाही, आणि ज्याच्या हातात काहीच नाही त्या लाईनमनला आपण बोल लावतो. खालची उत्तरं त्यासाठी लिहिली आहेत.

सिस्टीम ऑपरेटर म्हणजे नेमकं कोण?

वीज तयार करणारा एक, ती मोठ्या तारांवरून आणणारा दुसरा, घरोघरी पोचवून बिल करणारा तिसरा. या तिघांच्या वर एक चौथा असतो. त्याची स्वतःची वीज नसते, तो ती विकत नाही आणि गिऱ्हाईकही राखत नाही. या क्षणी किती वीज तयार होतेय, किती खर्च होतेय, कुठली लाईन किती तापलीय हे तो चोवीस तास बघतो आणि बाकीच्यांना हुकूम देतो: तू उत्पादन वाढव, तू भार कमी कर, ही लाईन बंद ठेव. हा सिस्टीम ऑपरेटर. आपल्या देशात विजेसाठी हे काम भार प्रेषण केंद्रं करतात. २००३ च्या वीज कायद्याने त्यांना वीज खरेदी-विक्रीच्या धंद्यात पडायला मनाई केली आहे. जो धंदा करतो त्याच्या हातात तराजू नको, एवढा साधा विचार त्यामागे आहे, आणि तो योग्य आहे.

मग हेस्कॉम, केपीटीसीएल आणि भार प्रेषण केंद्र यांत कोण काय करतं?

खालून वर जाऊ. तुमच्या गल्लीतला टीसी (ट्रान्सफॉर्मर), ११ केव्हीचा (अकरा हजार व्होल्टचा) फिडर म्हणजे गावोगाव वीज नेणारी लाईन, मीटर आणि बिल हेस्कॉमचं. हुबळीत मुख्यालय असलेली ही कंपनी २००२ पासून बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट, गदग, हावेरी आणि कारवार अशा सात जिल्ह्यांना वीज देते. बिदर भागातल्या मराठी गावांसाठी हेच काम गुलबर्ग्याची जेस्कॉम करते. ११० केव्ही, २२० केव्ही आणि त्यावरचे राज्याचे टॉवर आणि मोठी सबस्टेशन केपीटीसीएलची. सरकारी वीजकेंद्रं केपीसीएलची.

या सगळ्यांना चालवणारं राज्य भार प्रेषण केंद्र बेंगळुरूत रेसकोर्स क्रॉस रोडवर आहे. त्याच रस्त्यावर दक्षिण विभागाचं केंद्र आहे. ते कर्नाटक, तमिळनाडू, केरळ, आंध्र, तेलंगणा आणि पुदुच्चेरीवर नजर ठेवतं. त्याच्याही वर दिल्लीतलं राष्ट्रीय केंद्र. विभागीय आणि राष्ट्रीय केंद्रं 'ग्रिड इंडिया' ही केंद्र सरकारची कंपनी चालवते. २०२२ पर्यंत तिचं नाव पोसोको होतं.

विजेचा तोल क्षणोक्षणी राखायची एवढी घाई कशासाठी?

वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवता येत नाही. काही जलविद्युत केंद्रांत पाणी पुन्हा वर चढवून, तर काही ठिकाणी बॅटरीत थोडी राखून ठेवतात, पण देशाच्या गरजेपुढे ती नगण्य. म्हणून जेवढी खर्च होते तेवढीच त्या क्षणाला तयार व्हावी लागते. हा तोल दिसतो फ्रिक्वेन्सीत, म्हणजे वीज सेकंदाला किती हेलकावे घेते त्यात. आपल्याकडे ती ५० हर्ट्झ. उसाची गाडी चढाला लागली की ओझं तेच असलं तरी बैलांची चाल मंदावते, उताराला लागली की गाडी बैलांच्या अंगावर येते. जनित्रांचंही तसंच होतं. मागणी वाढली की सगळी जनित्रं एकदम थोडी मंद फिरतात, मागणी घटली की वेगाने फिरतात. ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा आपला ठरलेला पट्टा. ४९.४ पर्यंत घसरण झाली तर सबस्टेशनमधले रिले कोणाला न विचारता काही फिडर तोडतात. खाली आणखी टप्पे आहेत. आपली लाईट अशा वेळी गेली तर ती जाळं वाचवण्यासाठी गेलेली असते.

५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. कोरोनाच्या दिवसांत रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे मालवायचं आवाहन झालं होतं. अंगणात पणत्या लागल्या आणि देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटने उतरली, नंतर तशीच झपाट्याने चढली. त्या रात्री ऑपरेटरांनी मुख्यतः जलविद्युत केंद्रांवर भिस्त ठेवली, कारण पाण्याची जनित्रं मिनिटांत कमी-जास्त करता येतात. कोळशाच्या बॉयलरला तेवढी चपळाई नसते. कुठेही जाळं कोसळलं नाही. त्या कामाचं पुरेसं कौतुक झालं नाही असं मला आजही वाटतं.

निपाणी आणि कागलमध्ये विजेच्या दृष्टीने फरक काय?

कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की कागद बदलतात. कागलला वीज देते महावितरण, मोठ्या तारा महापारेषणच्या, महाराष्ट्राचं भार प्रेषण केंद्र ऐरोलीला आणि विभागीय केंद्र मुंबईला. निपाणीला वीज हेस्कॉमची आणि हुकूम बेंगळुरूचा. आपल्याकडची सीमा दोन राज्यांची आहे, तशीच ती देशाच्या वीजजाळ्यातल्या पश्चिम आणि दक्षिण या दोन विभागांचीही आहे. दर, मोफत विजेच्या योजना, शेतीला द्यायचे तास यांत फरक पडतो तो मात्र राज्यं वेगळी असल्यामुळे. दोन्हीकडे पाहुणे असलेल्या घरांत यावरून हमखास वाद होतो, पण दोन राज्यांचे दोन वीज नियामक आयोग दोन दर ठरवतात, त्यात भार प्रेषण केंद्राचा हात नसतो.

तारांमधून वाहणारी वीज मात्र एकच आहे, आणि हे पहिल्यापासून असं नव्हतं. २०१३ संपेपर्यंत दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशापासून वेगळ्या तालावर चालायचं. दोन्हीकडची फ्रिक्वेन्सी वेगळी, त्यामुळे तारेला तार थेट जोडता येत नसे. चंद्रपूरजवळ भद्रावतीला वीज आधी डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करायची, पुन्हा एसी (हेलकावे घेणारी, घरात येते तशी) करायची आणि मग पलीकडे सोडायची, अशा मोजक्या दारांतून देवाणघेवाण चाले. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिण जाळं देशाशी एकतालात आलं. कर्नाटकातल्या रायचूरला महाराष्ट्रातल्या सोलापूरशी बांधणाऱ्या त्या लाईनने 'एक देश, एक ग्रिड' हे शब्द खरे केले. आज आपल्या भागातही चिकोडी आणि कोल्हापूरला जोडणाऱ्या २२० केव्हीच्या लाईन आहेत, धारवाडजवळच्या नरेंद्रहून कोल्हापूरकडे त्याहून मोठी लाईन जाते. चिकोडीतल्या गिरणीच्या मोटारीचा आणि इचलकरंजीतल्या मागाचा ताल आता एकच.

२०१२ मध्ये निम्मा देश अंधारात गेला तेव्हा आपल्याकडे लाईट कशी होती?

वर सांगितलेल्या वेगळेपणामुळे. ३० जुलै २०१२ ला उत्तरेचं जाळं कोसळलं, ३१ तारखेला उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही. साठ कोटींहून अधिक लोकांना झळ बसली. सुरुवात मध्य प्रदेशातल्या बिना-ग्वाल्हेर या ४०० केव्ही लाईनपासून झाली. आधीच काही लाईन बंद, उरलेल्यांवर ताण, आणि त्यात काही राज्यं वाट्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. भार प्रेषण केंद्रांनी 'कमी करा' म्हणून सांगितलेलं पुरेसं ऐकलं गेलं नाही.

आज आपण त्याच जाळ्यात आहोत. आधार मोठा झाला, तसा धोकाही सामायिक झाला. जोडणीचा निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे ऑपरेटरचा शब्द पाळला जाणं पूर्वीपेक्षा कितीतरी महत्त्वाचं झालं आहे.

उद्याची वीज आज कशी ठरते?

दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यात किती मागणी असेल याचा अंदाज वितरण कंपन्या आदल्या दिवशी देतात. वीजकेंद्रं आपण किती देऊ शकतो ते कळवतात. कमी पडेल ती वीज बाजारातून घेतात. भार प्रेषण केंद्र हे सगळं जुळवून वेळापत्रक काढतं आणि दिवसभर बदलत राहतं. ठरल्यापेक्षा जास्त ओढलं किंवा कमी दिलं की दंडाचा हिशोब लागतो.

आपल्या जिल्ह्यात या वेळापत्रकाला साखरेचा हंगाम जोडलेला असतो. चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक पट्ट्यातले कारखाने बगॅस (उसाचा चोथा) जाळून वीज करतात आणि उरलेली ग्रिडला देतात. गाळप सुरू असेपर्यंत ती असते, पट्टा पडला की संपते. २०२३ च्या दुष्काळात कर्नाटक सरकारने ऑक्टोबरमध्ये वीज कायद्याचं कलम ११ लावलं आणि राज्यातल्या खासगी उत्पादकांना वीज राज्यालाच द्यायला लावली. त्या हंगामात कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीचं मोल अनेकांना पहिल्यांदा कळलं.

यात भर म्हणून तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडचं २,०५० मेगावॅटचं सोलर पार्क आणि सौंदत्तीच्या डोंगराळ भागातल्या पवनचक्क्या. ढग आला की एक उतरतं, वारा पडला की दुसरं. म्हणून हल्ली ऑपरेटरच्या खोलीत हवामानाच्या अंदाजाला जनित्राइतकीच किंमत आहे.

लोडशेडिंगमध्ये आमच्याच गावाचा नंबर का लागतो? यादी कोण करतं?

भार प्रेषण केंद्र गावाचं नाव घेत नाही. ते हेस्कॉमला एवढंच सांगतं की तुमच्या भागातून अमुक मेगावॅट कमी करा. कोणता फिडर तोडायचा ते हेस्कॉम ठरवते. म्हणून 'आमच्या फिडरवर रोज का?' हा प्रश्न हेस्कॉमच्या कार्यकारी अभियंत्याला लेखी विचारा. तो पूर्णपणे रास्त प्रश्न आहे.

रोजच्या खोळंब्याचा मात्र बेंगळुरूशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो. फक्त तुमच्या घरची लाईट गेली तर फ्यूज किंवा खांबावरून घरात आलेली वायर बघा. गल्लीची गेली तर टीसी. चार-पाच गावांची गेली तर ११ केव्हीचा फिडर. अख्ख्या तालुक्याची गेली तर ३३ किंवा ११० केव्हीचा घोटाळा. खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात पावसाळ्यात फांद्या तारांवर पडतात, लाईनमन भर पावसात जंगलातून लाईन शोधत चालत जातो. तिथे दिल्ली-बेंगळुरूचा काय दोष?

शेतीला थ्री फेज ठराविक तासच का? आणि आता दिवसा देण्यावर भर का?

पंप मोठे आणि एकदम सुरू होणारे. सगळे आयपी सेट (शेतीचे पंप) एकाच वेळी चालले तर टीसी आणि लाईन दोन्ही जळतील. म्हणून शेतीचे फिडर गावठाणाच्या फिडरपासून वेगळे केले आणि पाळ्या लावल्या. पूर्वी रात्रीची पाळी असायची कारण रात्री इतर मागणी कमी. आता दुपारी सोलर भरपूर असतं, तेव्हा पंप दिवसा चालवणं ऑपरेटरलाही सोयीचं. रात्री उसात पाणी पाजायला जाताना सापाची भीती असते. दिवसाची पाळी हा शेतकऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि या एका बाबतीत यंत्रणेचा आणि शेतकऱ्याचा फायदा एकाच बाजूला आहे. त्यासाठी ग्रामपंचायतीने ठराव करून पाठपुरावा करावा.

सगळं जाळं बंदच पडलं तर परत सुरू कसं करतात?

मोठ्या औष्णिक केंद्राला सुरू व्हायलाच बाहेरून वीज लागते. पंखे, पंप, कोळशाच्या चक्क्या विजेवर चालतात. पाण्याचं केंद्र छोट्या डिझेल जनित्रावर दार उघडून स्वतः उठू शकतं. म्हणून सुरुवात कोयना, शरावती, काळी अशा नद्यांवरच्या केंद्रांपासून करतात. एकेक लाईन, एकेक छोटा भार जोडत लहान बेटं तयार करायची आणि मग ती एकमेकांना जोडायची. कैगासारख्या अणुकेंद्राला, दवाखान्यांना, रेल्वेला आधी. घरांची पाळी शेवटी. घाईने भार जोडला तर उभं राहिलेलं बेट पुन्हा पडतं. अशा दिवशी लाईट येऊन पुन्हा गेली तर पंप आणि फ्रिजची बटणं बंद ठेवणं ही आपण करू शकतो अशी खरी मदत.

छतावर सोलर आहे, तरी लाईट गेली की तेही का बंद होतं?

खांबावर चढलेल्या लाईनमनच्या जिवासाठी. लाईन बंद आहे असं समजून तो हात लावणार आणि तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत येणार, हे होऊ नये म्हणून इन्व्हर्टर ग्रिड गेली की आपोआप तुटतो. अंधारातही चालायला हवं असेल तर बॅटरी आणि त्यासाठीचा वेगळा इन्व्हर्टर लागतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, पण बॅटरीचा खर्च आपला.

राज्याचं भार प्रेषण केंद्र केपीटीसीएलच्याच छत्राखाली आहे. मग ते निःपक्षपाती कसं?

प्रश्न बरोबर आहे. कायद्याने स्वतंत्र कंपनी नेमायची मुभा दिली आहे, पण तोवर पारेषण कंपनीने हे काम करावं असंही म्हटलं आहे. बहुतेक राज्यांत तो 'तोवर' लांबतच गेला. विभागीय केंद्रांची गोष्ट वेगळी: ती पूर्वी पॉवर ग्रिड या तारांच्या मालकाकडेच होती, २०१७ मध्ये तिच्यापासून पूर्ण वेगळी केली. माझ्या मते राज्यांनीही हेच करावं. एखाद्या साखर कारखान्याला किंवा उद्यमबागेतल्या फाउंड्रीला बाहेरची स्वस्त वीज आणायची असेल, तर 'लाईनवर जागा नाही' हे सांगणारा माणूस त्या लाईनच्या मालकाचा नोकर असू नये.

आता गॅस. आपल्याकडे पाइपचा गॅस येतो कुठून?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळला जहाजातून द्रवरूप गॅस उतरतो. तिथून गेल या सरकारी गॅस कंपनीची दाभोळ-बेंगळुरू पाइपलाइन घाट चढून आपल्या जिल्ह्यातून, पुढे धारवाड, दावणगेरेमार्गे बेंगळुरूकडे जाते. ती २०१३ मध्ये सुरू झाली. तिची एक शाखा गोव्याला उतरते. या मोठ्या लाईनमधून गॅस घेऊन, दाब कमी करून घरोघरी पोचवण्याचा बेळगाव जिल्ह्याचा परवाना मेघा समूहाकडे आहे. गॅसवरचं नियामक मंडळ केंद्राचं आहे, राज्याचं नाही. त्यामुळे इथे निपाणी-कागलसारखी दोन आयोगांची भानगड नाही.

गॅसलाही भार प्रेषण केंद्रासारखा स्वतंत्र ऑपरेटर आहे का?

नाही. पाइपचा मालकच पाइप चालवतो. गेलचं नियंत्रण केंद्र दाब आणि प्रवाह दुरून बघतं. गॅसवाले आदल्या दिवशी उद्या किती घालणार, किती काढणार ते कळवतात, आणि त्यांचा दिवस सकाळी सहाला सुरू होतो. गेल गॅस विकतेही आणि इतरांचा गॅस वाहूनही नेते. एकाच घरात दोन्ही कामं असणं अडचणीचं, म्हणून २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात स्वतंत्र गॅस वाहतूक ऑपरेटर नेमण्याची घोषणा झाली होती. विजेत जे आधी केलं ते गॅसमध्येही व्हायला हवं. ब्रिटनने तर ऑक्टोबर २०२४ पासून विजेचं जाळं चालवणं आणि वीज-गॅस दोन्हींचं नियोजन एकाच सार्वजनिक संस्थेकडे दिलं.

एक गोष्ट मात्र गॅसच्या बाजूने आहे. पाइपमध्ये दाबाने भरलेला गॅस हाच साठा असतो. विजेत सेकंदांत निर्णय लागतो, गॅसमध्ये काही तासांची उसंत मिळते.

लाईट गेली तर गॅस बंद पडतो का?

घरचा पाइप गॅस दाबाने येतो, त्यामुळे चूल चालू राहते. सीएनजी पंपाला कॉम्प्रेसर लागतो, तिथे वीज नसेल तर रिक्षांची रांग लागते. मोठ्या पातळीवर ही साखळी घातक ठरू शकते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या टेक्सासमध्ये कडाक्याच्या थंडीत गॅसच्या विहिरी आणि यंत्रं गोठली म्हणून वीजकेंद्रं थांबली, आणि वीज तोडली म्हणून गॅस उपसणारे पंप थांबले. त्यांचं जाळं पूर्ण कोसळण्यापासून काही मिनिटांवर होतं. कर्नाटकची वीज गॅसवर फारशी अवलंबून नाही, त्यामुळे तसं संकट इथे लगेच येणार नाही.

शेतातून गॅसची पाइप गेली आहे. जमीन कोणाची?

तुमचीच. १९६२ च्या पाइपलाइन कायद्याखाली फक्त वापराचा हक्क घेतला जातो. त्या पट्ट्यात ऊस, ज्वारी, भाजी घेता येते. घर बांधता येत नाही, विहीर खोदता येत नाही, झाडं लावता येत नाहीत. पिकाच्या नुकसानीशिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के भरपाई कायद्यात आहे. जेसीबी लावण्याआधी पिवळ्या-पांढऱ्या खुणांच्या पाट्या बघा आणि त्यावरच्या नंबरवर फोन करा.

तक्रार कुठे करायची?

विजेसाठी १९१२. बिलावरचा आरआर नंबर (तुमच्या जोडणीचा क्रमांक) हाताशी ठेवा, बिल कानडीत असलं तरी तो नंबर अंक आणि अक्षरांत छापलेला असतो. तक्रारीचा क्रमांक मागून लिहून घ्या. सेक्शन ऑफिसने ऐकलं नाही तर उपविभाग, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यानंतर वीज लोकपाल. मंचापुढे वकील लावावा लागत नाही. दराबद्दल म्हणणं असेल तर कर्नाटक वीज नियामक आयोग दरवाढीआधी हरकती मागवतो, तिथे लेखी पाठवा.

गॅसचा वास आला तर?

नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून उग्र वास मुद्दाम मिसळतात. तो हवेपेक्षा हलका, वर जातो, म्हणून वरच्या खिडक्या उघडा. सिलिंडरचा गॅस जड, जमिनीलगत साचतो, तिथे दार उघडून खालून बाहेर जाऊ द्या. दोन्ही वेळी मुख्य कॉक बंद करा आणि विजेचं एकही बटण चालू किंवा बंद करू नका. सिलिंडरसाठी १९०६, पाइप गॅससाठी मीटरजवळच्या स्टिकरवरचा नंबर. फोन घराबाहेर जाऊन लावा.